दुपारची वीज रात्रीपर्यंत कशी टिकवायची? – उदंचन, बॅटरी आणि शेतीची पाळी

धागाकर्ता : घाटमाथा

नमस्कार. ऊर्जेच्या नव्या तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुतेक वेळा वीज कशापासून तयार करायची याच प्रश्नाभोवती फिरते. कोळसा की सूर्य, पवनचक्की की अणुभट्टी, अशा जोड्या लावल्या जातात आणि जो तो आपली बाजू धरून बसतो. मला वाटते की महाराष्ट्रापुरता तरी हा प्रश्न आता दुय्यम झाला आहे. दिवसाची सौर वीज स्वस्त आहे आणि ती वेगाने वाढते आहे, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. खरा प्रश्न आहे तो वेळेचा. दुपारी बारा वाजता मुबलक असलेली वीज रात्री आठ वाजता, घराघरांतले दिवे, पंखे आणि मिक्सर एकदम सुरू होतात तेव्हा, कुठून आणायची? याच एका प्रश्नावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

2025 च्या सुरुवातीला देशाची स्थापित सौर क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या मध्यास एकूण स्थापित क्षमतेतील बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, म्हणजे 2030 साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. ही अभिमानाची गोष्ट आहे, मात्र स्थापित क्षमता म्हणजे हाती आलेली वीज नव्हे. वर्षभराची सरासरी काढली तर सौर प्रकल्प आपल्या क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो, आणि तीही सगळी दिवसा. त्यामुळे सूर्य मावळल्यावरचा भार आजही प्रामुख्याने कोळशावरच आहे.

यावर जगात जे उपाय चालू आहेत, त्यांपैकी दोन महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला उपाय उदंचन जलविद्युत, ज्याला बहुतेक लोक आता पंप्ड स्टोरेज म्हणूनच ओळखतात. वर एक जलाशय, खाली एक जलाशय. वीज जास्त असताना पाणी वर चढवायचे आणि वीज कमी असताना तेच पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचे. हे तंत्र मुळात नवे नाही. नवे आहे ते त्याचे महत्त्व. अकोले तालुक्यातील घाटघर येथे 2008 मध्ये 250 मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू झाला. वरचा जलाशय प्रवरेच्या खोऱ्यात आहे, तर खालचा कोकणाच्या बाजूला शहापूर तालुक्यातील चोंढे गावाजवळ, आणि दोहोंच्या उंचीत चारशे मीटरांहून अधिक फरक आहे. सह्याद्रीचा कडा हाच येथे ऊर्जेचा साठा आहे. हिशेब अगदी सोपा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 400 मीटर खाली आले तर त्यात सुमारे 1.1 युनिट ऊर्जा असते. यंत्रातील घट वजा जाता साधारण एक युनिट हाती येते. 250 मेगावॉट वीज सहा तास द्यायची असेल तर 15 लाख युनिट लागतील आणि त्यासाठी 15 लाख घनमीटर पाणी पुरेल, म्हणजे एका टीएमसीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय हे पाणी खर्च होत नाही. बाष्पीभवनाची आणि गळतीची भर घातली की तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते.

ही गोष्ट कोयनेशी ताडून पाहावी. कोयनेची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे आणि संध्याकाळची वाढलेली मागणी भागवण्यात तिचा वाटा मोठा असतो. परंतु तेथे टर्बाइनमधून उतरलेले पाणी पश्चिमेकडे वाशिष्ठीच्या खोऱ्यात जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे कोयनेची वीज जपून वापरावी लागते. उदंचनात ही अडचण येत नाही.

दुसरा उपाय बॅटरीचा. सौर ऊर्जा महामंडळाच्या 2022 मधील मोठ्या बॅटरी निविदेत एक मेगावॉट क्षमतेसाठी, दोन तासांच्या साठ्यासह, महिन्याला 10.83 लाख रुपये असा दर आला होता. 2024 च्या अखेरीस काही राज्यांच्या निविदांत, केंद्राच्या अर्थसाह्याचा आधार धरून, हाच दर अडीच लाखांच्या खाली आला. दिवसातून एकदा बॅटरी भरली आणि रिकामी केली तर महिन्याला 60 हजार युनिट होतात. म्हणजे साठवणीचा खर्च युनिटमागे 18 रुपयांवरून 4 रुपयांच्या आसपास आला, आणि दिवसातून दोन वेळा वापर झाला तर त्याच्याही निम्म्यावर. दोन-अडीच वर्षांत एवढी घसरण झालेले दुसरे उदाहरण वीजक्षेत्रात मला आठवत नाही.

माझे मत असे आहे की आपल्याला दोन्ही लागतील. पण या दोन्हींच्या आधी एक तिसरा उपाय आहे, ज्यात साठवण मुळी करावीच लागत नाही. ज्या कामाला वेळेचे बंधन नाही ते काम उन्हाच्या वेळी हलवायचे, हा तो उपाय. राज्यात कृषिपंपांची संख्या 45 लाखांच्या घरात आहे. त्यांच्यातील निम्मा-अधिक भार वर्षानुवर्षे रात्री चालत आला, कारण रात्री वीज उरत असे. आता उरते ती दुपारी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचे दुसरे रूप आले. तिच्यात उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीचा संपूर्ण फीडरच, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणारी वाहिनीच, दिवसाच्या विजेवर आणण्याची कल्पना आहे. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. मला ही योजना तांत्रिकदृष्ट्या जितकी महत्त्वाची वाटते, तितकीच माणुसकीच्या दृष्टीनेही.

या क्षेत्रातील जाणकारांनी, शेतकऱ्यांनी आणि घाटातील निसर्गाची काळजी असणाऱ्यांनी आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.

प्रतिसाद : वारंवारिता

धागा आवडला. वीज पारेषणाच्या कामात माझे बरेच आयुष्य गेले असल्यामुळे एक बाजू जोडतो, जी अशा चर्चांत सहसा सुटते.

विजेचे जाळे चालवणाऱ्याला फक्त एकूण युनिटची बेरीज जुळवून भागत नाही. त्याला प्रत्येक क्षणी पुरवठा आणि मागणी समसमान ठेवावी लागते. ही समानता बिघडली की वारंवारिता हलते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झच्या जवळ, 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात ठेवणे अपेक्षित असते. कोळशाच्या किंवा पाण्याच्या केंद्रातील जनित्रांचे शेकडो टनांचे फिरते वस्तुमान हा या व्यवस्थेचा पहिला आधार असतो. एखादा मोठा संच अचानक बंद पडला तरी बाकीची जनित्रे आपल्या फिरण्याच्या जडत्वामुळे काही सेकंद तोल सावरून धरतात, आणि तेवढ्यात नियंत्रण यंत्रणा जागी होते. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्फत जाळ्याला जोडलेले असते आणि त्यात फिरणारे काहीच नसते. दुपारी जाळ्यातील सौर विजेचा हिस्सा वाढला की जडत्व कमी होते.

यावर दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे जाळ्याचा तोल स्वतः धरू शकणारे नव्या पद्धतीचे इन्व्हर्टर, ज्यांना ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर म्हणतात. जुने इन्व्हर्टर जाळ्यातील व्होल्टेज आणि वारंवारिता पाहून तिच्यामागे चालतात. हे नवे इन्व्हर्टर ती स्वतः निर्माण करतात, आणि त्यांच्यामागे बॅटरी असेल तर क्षणार्धात वीज सोडतात किंवा ओढून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात 2017 मध्ये हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, तेव्हापासून या कामात बॅटरी किती चपळ आहे हे जगाने पाहिले आहे. दुसरे उत्तर घाटमाथा यांनी सांगितलेले उदंचन, कारण त्यात मोठे जनित्र फिरतच असते. पाणी चढवताना, पाणी उतरवताना आणि गरज पडल्यास नुसते फिरत राहूनही ते जाळ्याला आधार देते.

जलविद्युत संचाचा आणखी एक गुण सांगायला हवा. संपूर्ण जाळे बंद पडले तर औष्णिक केंद्र स्वतःहून सुरू होऊ शकत नाही, कारण त्याच्या पंपांना आणि पंख्यांनाच बाहेरून वीज लागते. जलविद्युत संच मात्र थोड्याशा तयारीने अंधारातून उठवता येतो. जुलै 2012 मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातील जाळे कोसळले होते, आणि 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज जाऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या दोन्ही दिवसांची आठवण ज्यांना आहे, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये झालेल्या अंधारात व्होल्टेजच्या नियंत्रणाचा प्रश्न पुढे आला. तो धडाही आपल्याला लागू आहे, कारण उन्हाच्या वेळी पुरवठा भरपूर आणि वाहिन्यांवर भार कमी असला की व्होल्टेज चढते.

कोळशाच्या केंद्रांविषयीही थोडे लिहितो. दुपारी सौर वीज वाढते तेव्हा औष्णिक संच बंद करून संध्याकाळी पुन्हा सुरू करणे व्यवहारात शक्य नसते, म्हणून ते कमी भारावर चालवत ठेवावे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांनुसार ही किमान पातळी 55 टक्के आहे आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत आणायची आहे. संच जितका खाली आणाल, तितकी युनिटमागे कोळशाची खपत वाढते आणि बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो. साठवण वाढली तर हा ताण कमी होईल. तिचा हा फायदा निविदेतील दरात दिसत नाही, पण तो खरा आहे.

प्रतिसाद : कुकडीकाठ

मी जुन्नर भागातील शेतकरी आहे. ऊस, कांदा आणि थोडा टोमॅटो अशी पिके असतात. वर माणुसकीचा उल्लेख झाला आहे, तो किती नेमका आहे हे सांगावेसे वाटले.

आमच्याकडे थ्री फेज वीज पाळीने येत आली: एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की दारे धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी फिरवायला, जावेच लागते. थंडीत ओल्या वाफ्यात उभे राहणे, पायाखाली साप असण्याची धास्ती आणि आमच्या तालुक्यात तर उसात दडलेला बिबट्या. माणसे गेली आहेत, जनावरे गेली आहेत. ज्याच्या घरातील माणूस रात्री बारा वाजता हातात विजेरी आणि काठी घेऊन शेतात जातो, त्या घरात दिवे असूनही कोणी झोपत नाही. त्यामुळे दिवसा खात्रीची वीज मिळणे ही आमच्यासाठी पर्यावरणाची बाब नंतरची आणि जिवाची आधीची आहे. सौर वाहिनीमुळे ज्या गावांत दिवसा पुरवठा सुरू झाला, तेथील लोकांशी मी बोललो आहे. पहिली गोष्ट ते हीच सांगतात, की रात्रीचे शेतात जाणे थांबले.

स्वतंत्र सौर पंप आणि सौर फीडर यांतील फरकही लक्षात घ्यावा. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची असते आणि जमिनीच्या क्षेत्रानुसार तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. जेथे लाइन पोहोचलेली नाही, तेथे हा पंप वरदान आहे. पण पावसाळ्यात आणि पिकांच्या मधल्या काळात पंप बंद असतो, तेव्हा त्या पॅनेलची वीज वाया जाते. कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्कीही चालवू शकेल असा कंट्रोलर बसवला तर तिचा काही उपयोग होतो, पण तो सगळ्यांकडे नसतो. फीडरच सौर केला तर शेतीत न लागणारी वीज जाळ्यात जाते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते.

आता एक काळजी. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे आणि आता ती दिवसाही मिळू लागली आहे. पूर्वी रात्रीची गैरसोय हाच उपशाला थोडा लगाम होता. तो सुटला तर विहिरी आणि बोअर आणखी खोल जातील. मी स्वतः ठिबकवर गेलो आहे, पण गावात प्रत्येकाला ते जमलेले नाही. वीज स्वच्छ झाली आणि जमिनीखालचे पाणी संपले, तर त्या विजेने पंप तरी कशाला चालवायचा? दिवसाच्या विजेबरोबर ठिबक आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद या दोन गोष्टी जोडूनच यायला हव्यात, असे मला कळकळीने वाटते.

प्रतिसाद : रानवाट

उदंचनाची बाजू मी समजू शकते, पण सह्याद्रीचा कडा म्हणजे केवळ उंचीचा फरक नव्हे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

2023 च्या अखेरीस राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी धोरण जाहीर केले आणि त्याच्या आगेमागे अनेक मोठ्या करारांच्या बातम्या आल्या. यातील बहुतेक जागा पश्चिम घाटात आहेत, आणि ते साहजिकही आहे, कारण उंची आणि पाऊस दोन्ही तेथेच मिळतात. परंतु कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी हे प्रदेश 2012 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. घाटघरही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातच आहे. घाटमाथ्यावरील सडे, म्हणजे खडकाळ पठारे, वरून उजाड दिसतात आणि म्हणूनच प्रकल्प आराखड्यात त्यांची गणना पडीक जमिनीत होते. प्रत्यक्षात त्या वितभर मातीच्या थरावर दरवर्षी पावसाळ्यात उगवणाऱ्या कित्येक वनस्पती जगात इतरत्र आढळत नाहीत, आणि त्याच सड्यांतून मुरलेले पाणी खालच्या गावांच्या झऱ्यांना येते.

जलाशयाने व्यापलेले क्षेत्र तुलनेने कमी असते, हे खरे आहे. नुकसान होते ते आजूबाजूला: बोगद्यांतून निघालेला राडारोडा टाकण्याच्या जागा, सुरुंगांमुळे बदलणारे झऱ्यांचे मार्ग, अवजड यंत्रांसाठी केलेले घाटरस्ते आणि जंगलातून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे पट्टे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनशीलतेची जी मांडणी केली, तिचा विचार या प्रकल्पांच्या जागा ठरवताना व्हायला हवा. प्रकल्प एक-एक करून तपासले तर प्रत्येक जण किरकोळ हानीचा दिसतो; एकाच डोंगररांगेत दहा-बारा झाले तर काय होईल याचा एकत्रित अभ्यास हवा.

आणि माणसांविषयीही बोलले पाहिजे. या राज्यात जलविद्युतीचा इतिहास खोपोली 1915, भिवपुरी 1922 आणि भिरा 1927 असा सांगितला जातो. त्याच काळात, 1921 मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले होते. कोयनेचे विस्थापित तर पिढ्या उलटल्या तरी पुनर्वसनाचे प्रश्न घेऊन उभे आहेत. मुंबईच्या दिव्यांसाठी घाटातल्या माणसाने किती वेळा उठायचे? माझा उदंचनाला सरसकट विरोध नाही. जेथे दोन्ही जलाशय आधीपासून आहेत आणि फक्त जोडणीचे काम उरले आहे, तेथे ते आधी व्हावे. नव्या सड्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीने तेवढे काम होते का, हे मोजून पाहावे.

प्रतिसाद : सोडियम

रानवाट यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जातो. पदार्थविज्ञान हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून बॅटरीबद्दल लिहितो.

आज जाळ्याच्या कामासाठी बसवल्या जाणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या असतात. त्यांत कोबाल्ट किंवा निकेल लागत नाही, त्या तुलनेने सुरक्षित असतात आणि हजारो वेळा भरता-रिकाम्या करता येतात. साठवलेल्या विजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक परत मिळते. उदंचनात हे प्रमाण 75 ते 80 टक्के असते. मात्र लिथियम आणि त्याहूनही अधिक त्याचे शुद्धीकरण व बॅटरी-घटकांची निर्मिती मोजक्या देशांच्या, मुख्यतः चीनच्या हातात आहे.

म्हणून सोडियम-आयन बॅटरीकडे लक्ष द्यावे असे मी म्हणेन. सोडियम मुबलक आहे. या बॅटरीत दोन्ही ध्रुवांवर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चालते, तर लिथियमच्या बॅटरीत एका ध्रुवाला तांबे लागते. ऋण ध्रुवासाठी लागणारा कठीण कार्बन शेतातील अवशेषांपासून करता येतो. पुण्यातील केपीआयटी या कंपनीने भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले होते. या बॅटरीचे वजन साठवलेल्या ऊर्जेच्या मानाने जास्त असते. मोटारीत ती उणीव ठरते; उपकेंद्राच्या आवारात काँक्रीटच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या बॅटरीला वजनाचे काय? हे तंत्रज्ञान अजून मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायचे आहे, आणि लिथियम बॅटरीचे भाव इतके उतरले आहेत की सोडियमला त्यांच्याशी झुंजणे सोपे नाही. तरीही आपल्या देशाने ते हातचे जाऊ देऊ नये.

बॅटरीचे दोष लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तिचे आयुष्य 12 ते 15 वर्षे धरतात, तर उदंचन प्रकल्प नीट देखभाल केल्यास त्याच्या कितीतरी पट चालतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवण्यासाठीच काही वीज खर्च होते. आणि आयुष्य संपल्यावर तिचे करायचे काय, याचे उत्तर आजच हवे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सौर पॅनेलही त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांत आले, पण तूर्त त्यांचा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवण्याची तरतूद आहे. गावोगावी पॅनेल बसवताना ती परत गोळा करण्याची व्यवस्था करारातच लिहिली गेली नाही, तर तो बोजा शेवटी ग्रामपंचायतीवर पडेल.

प्रतिसाद : म्युनिकवासी

जर्मनीचा अनुभव थोडक्यात सांगतो. येथे 2024 मध्ये 457 तास असे होते की घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याच्या खाली गेला होता. म्हणजे वीज नेण्यासाठी उलट पैसे मिळत होते. बहुतांश तास उन्हाळ्यातील दुपारचे. सौर क्षमता वाढत गेली आणि साठवण व लवचीक मागणी मागे राहिली, त्याचा हा परिणाम. फेब्रुवारी 2025 पासून नव्या सौर प्रकल्पांना अशा तासांसाठी हमीभाव मिळत नाही, त्यामुळे आता घरोघरी बॅटरी बसवण्याकडे कल आहे. ट्युरिंगिया प्रांतात गोल्डिस्टाल येथे 1060 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, तरीही नवे प्रकल्प डोंगरात उभारणे लोकविरोधामुळे जवळजवळ थांबले आहे. रानवाट यांनी मांडलेला प्रश्न येथेही सुटलेला नाही. महाराष्ट्राने सौर क्षमता आणि साठवण यांची वाढ पहिल्यापासून जोडीने केली, तर येथे आलेली ही अडचण त्याला टाळता येईल.

प्रतिसाद : द्राक्षबाग

नाशिक जिल्ह्यातून लिहीत आहे. साठवण म्हटले की सगळे बॅटरीकडे पाहतात, पण आमच्या भागात गारवाही साठवता येतो. द्राक्षे काढल्यावर लगेच प्री-कूलिंगला जातात, नंतर शीतगृहात. शीतगृहाची यंत्रे दुपारी जोरात चालवून बर्फात किंवा तशाच गोठणाऱ्या द्रावणात गारवा धरून ठेवला, तर संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवता येतो. दूध संकलन केंद्रांत बर्फाच्या टाकीने दूध थंड करण्याची पद्धत जुनीच आहे. औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या विजेत सवलत मिळू लागल्यापासून हा हिशेब परवडतो. शहरातील गृहसंस्थांनीही गच्चीवरील टाकी दुपारी भरण्याची सवय लावली तर तीही साठवणच आहे.

प्रतिसाद : घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. म्युनिकवासी आणि द्राक्षबाग यांच्या प्रतिसादांतून दराचा मुद्दा पुढे आला, त्याला जोडून सांगतो. केंद्राच्या 2023 च्या सुधारित नियमांनुसार दिवसातील आठ सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के कमी असावा, अशी तरतूद आहे. शेती वगळता इतर ग्राहकांना ती 1 एप्रिल 2025 पासून, स्मार्ट मीटर बसल्यावर, लागू होते. स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात शंका आहेत आणि बिलांच्या तक्रारींचे निरसन झालेच पाहिजे. पण दिवसाच्या स्वस्त विजेचा लाभ घराघरांत पोहोचायचा असेल तर वेळ मोजणारा मीटर लागेल, हेही खरे आहे.

रानवाट यांचे म्हणणे मला मान्य आहे. भिरा येथे 150 मेगावॉटचा उदंचन संच जुन्याच प्रकल्पाच्या आधारे उभा राहिला. टाटा पॉवरने ऑगस्ट 2023 मध्ये राज्याशी करार केलेले शिरवता येथील 1800 आणि भिवपुरी येथील 1000 मेगावॉटचे प्रकल्पही जुन्या तलावांच्या परिसरातच आहेत. तेथेही राडारोडा आणि झरे यांची काटेकोर तपासणी हवी, पण नव्या सड्यावर जाण्यापेक्षा हा मार्ग बरा. उदंचनाचे काम सहा-आठ तासांच्या साठ्याचे आणि जाळ्याच्या स्थैर्याचे. दोन तासांची संध्याकाळ बॅटरीवर सोडावी. अशी वाटणी केली तर घाटात किती प्रकल्प खरोखर लागतात हे निश्चित करता येईल, आणि ती संख्या आज जाहीर होत असलेल्या संख्येपेक्षा बरीच कमी निघेल असा माझा अंदाज आहे.

वारंवारिता यांना एक प्रश्न आहे. सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पाशेजारी, उपकेंद्राच्याच आवारात, लहान बॅटरी ठेवली तर गावाला संध्याकाळी तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल का?

प्रतिसाद : वारंवारिता

होईल, आणि मला तर ती जागा सर्वांत योग्य वाटते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा केलेला आहे. 33/11 केव्ही उपकेंद्रात दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात. समजा तेथे तीन मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि त्यासोबत दोन मेगावॉटची, दोन तासांची बॅटरी बसवली. तिच्यात 4000 युनिट मावतील. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत एका घराला सरासरी दोन युनिट लागतात असे धरले, तर 2000 घरांची, म्हणजे उपकेंद्राखालच्या दोन-तीन गावांची सोय होते. लांबच्या वाहिनीवरून तेवढी वीज आणावी लागत नसल्याने वहनातील घट वाचते आणि शेवटच्या रोहित्रावरचे व्होल्टेजही सुधारते.

अडचण ऋतूंची आहे. मार्च-एप्रिलमध्ये सगळे पंप चालू असतात, तेव्हा बॅटरी भरायला वीज उरणार नाही; ती जाळ्यातून दुपारच्या स्वस्त दराने घ्यावी लागेल. पावसाळ्यात पंप बंद असतात, पण ऊनही कमी असते. ऑक्टोबरनंतर काही महिने गणित उत्तम जमते. म्हणून अशी बॅटरी एकट्या गावाची न मानता जाळ्याचीही मानली पाहिजे आणि तिचा खर्च तसाच वाटला पाहिजे.

कुकडीकाठ यांच्या गावात सौर प्रकल्पासाठी जमीन पाहिली जात असेल, तर तेथील ग्रामसभेने आताच एक गोष्ट मागावी: आराखड्यात बॅटरीच्या कंटेनरसाठी जागा आणि उपकेंद्रात एक जादा बे, म्हणजे नवी जोडणी घेण्यासाठीची जागा, राखून ठेवावी. बॅटरी आज आली नाही तरी चालेल. पण जागा एकदा पॅनेलखाली गेली की ती नंतर मिळत नाही.

प्रतिसाद : कुकडीकाठ

जमिनीची मोजणी झाली आहे, करार अजून व्हायचा आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बॅटरीची जागा आणि पॅनेल परत नेण्याची अट, हे दोन्ही विषय लेखी देतो. जादा बे म्हणजे नेमकी किती जागा लागते आणि अर्जात ती कशी नमूद करायची, एवढे वारंवारिता यांनी कृपया कळवावे.